खाडाखोड नको, पुढचं पुस्तक लिहा

२०२३ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश बाललेखक रोआल्ड डालच्या पुस्तकांवरून जो धुरळा उडाला तो आठवत असेलच. पफिन ह्या पब्लिशरने नव्या आवृत्त्यांमध्ये शेकड्यांनी बदल केले, ऑगस्टस ग्लूप 'फॅट' होता तो 'इनॉर्मस' झाला, माटिल्डाच्या वाचनातून कॉनरॅड आणि किपलिंग गेले आणि जेन ऑस्टिन आणि स्टाईनबेक आले, मग सलमान रश्दींपासून सगळे तुटून पडले, आणि आठवड्याभरात पब्लिशरने जाहीर केलं की बरं बाबा, जुनी आवृत्तीपण छापत राहू, ज्याला जी हवी ती घ्या. तो वाद काही मिटला नाही, दर थोड्या दिवसांनी दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकावरून तेच भांडण नव्याने सुरू होतं आणि दर वेळी त्याच दोन बाजू. एक म्हणते जुन्या पुस्तकाला हात लावाल तर खबरदार, आमच्या बालपणाशी खेळू नका. दुसरी म्हणते आजच्या पोरांना हे लागतं, चार शब्द बदलले तर काय आभाळ कोसळतं का.

मी ह्या भांडणात तिसऱ्याच ठिकाणी उभी आहे आणि त्याचं कारण एक बाई आहेत, उर्सुला ले ग्विन. फँटसी म्हटलं की आपल्याकडे लोक टोल्किन आणि रोलिंग ही दोन नावं घेतात आणि गाडी तिथेच थांबते, ले ग्विन म्हटलं की "कोण?" असं येतं. तर १९२९ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला जन्म, वडील आल्फ्रेड क्रोबर नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ, आई थिओडोरा लेखिका, बाईंचं पुढचं आयुष्य ऑरेगनमधल्या पोर्टलँडला गेलं आणि २०१८ च्या जानेवारीत तिथेच त्या वारल्या. १९६८ मध्ये 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आलं, एका छोट्या पब्लिशरने मोठ्या मुलांसाठी काहीतरी लिहा म्हणून मागितलं म्हणून लिहिलेलं, आकाराने अगदी आटोपशीर. जादूगारांची शाळा, तिथे शिकायला गेलेला हुशार पण माजोरडा पोरगा, हे सगळं हॉगवर्ट्सच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. मी ते शाळा संपता संपता वाचलं, आणि माझी डोक्याची जी काही घडण झाली त्यात ह्या पुस्तकाचा वाटा माझ्या शाळेपेक्षा जास्तच असेल.

अर्थसी म्हणजे असंख्य बेटांचा समुद्र. तिथे जादू म्हणजे कांडी फिरवणं नाही, प्रत्येक वस्तूचं, प्राण्याचं, माणसाचं एक खरं नाव असतं आणि ते तुम्हाला ठाऊक असेल तर तुमची त्याच्यावर सत्ता चालते, म्हणून स्वतःचं खरं नाव कोणी सहसा सांगत नाही, रोजच्या वापराला टोपणनाव. तो माजोरडा पोरगा, गेड, तेरा वर्षांचा होतो तेव्हा त्याची मावशी त्याचं लहानपणीचं नाव काढून घेते, मग तो तसाच, नाव नाही आणि अंगावर कपडा नाही, आर नदीच्या उगमाच्या थंडगार पाण्यातून चालत पलीकडे जातो आणि काठावर उभा असलेला जादूगार ओगियन त्याचा दंड धरून कानात त्याचं खरं नाव सांगतो. बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाकेचं वेगळं, हे ज्याने घरात पाहिलंय त्याला हा प्रसंग परका वाटणं शक्यच नाही. मला तर हे सगळं कोणीतरी ओळखीच्याच माणसाने लिहिलंय असं वाटायचं.

आणि रंग. गेड तांबूस तपकिरी आहे, त्याचा जिवलग मित्र वेच त्याच्याहून काळा, आणि गोरे, पिवळ्या केसांचे लोक कोण तर जहाजांतून येऊन गावं जाळणारे कार्गिश. १९६८ साली, अमेरिकेत, मुलांच्या फँटसीत हे. बाईंनी ते ढोल वाजवून सांगितलं नाही, तुम्ही गेडमध्ये पुरते गुंतलात की मग सहज एखाद्या वाक्यात, जाता जाता. ड्रॅगन, राजे, तलवारी ह्या सगळ्या गोष्टी गोऱ्यांच्याच असतात असं मनात कुठेतरी बसलेलं होतं, ते ह्या पुस्तकाने काहीही न बोलता काढून टाकलं.

एवढं सगळं प्रेम सांगून झाल्यावर आता दुखऱ्या जागेवर येते. त्याच पहिल्या पुस्तकात अगदी सुरुवातीला गेडच्या गाँट बेटावरच्या दोन म्हणी येतात, एकीचा अर्थ बायकांची जादू दुबळी आणि दुसरीचा बायकांची जादू दुष्ट. गेडची ती मावशी गावची चेटकीण आहे, आई वारल्यावर तान्ह्या गेडचं तिनेच केलं, त्याला पहिला मंत्र तिच्याकडून मिळाला, बकऱ्यांना बोलवायचा. आणि लेखिका तिच्याबद्दल काय सांगते, तर अडाणी, थोडं खरं थोडं खोटं जाणणारी, पोराचा आपल्याला उपयोग होईल म्हणून त्याला शिकवणारी. गेड मोठा होतो, रोक बेटावरच्या त्या जादूगारांच्या शाळेत जातो जिथे एकही मुलगी नाही, आणि मावशी पुस्तकातून गायब. रोकला मुली का नाहीत हे कोणी विचारतसुद्धा नाही. म्हणजे रंगाच्या बाबतीत काळाच्या पुढे असलेल्या बाई बाईमाणसाच्या बाबतीत त्यांच्या काळाच्या अगदी मधोमध उभ्या होत्या.

आता आजची पद्धत लावली तर काय होईल? एखादा सेन्सिटिव्हिटी रीडर, म्हणजे कोणाला काय लागेल ते शोधायला पब्लिशरने नेमलेला वाचक, त्या दोन म्हणी कापेल, रोकमध्ये मागच्या बाकावर दोन-चार मुली बसवेल, मावशीला 'अडाणी'च्या जागी 'गावातली जाणकार' करेल. पुस्तक निर्मळ होईल. आणि खोटं होईल.

बाईंनी काय केलं ते बघा. पहिल्या तीन पुस्तकांतलं शेवटचं १९७२ ला आलं. त्यानंतर अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, त्यांनी 'टेहानू' लिहिलं. ह्यात दुसऱ्या पुस्तकातली टेनार, जी तेव्हा थडग्यांची पुजारीण असलेली कोवळी मुलगी होती, ती आता चाळिशी ओलांडलेली, शेतकऱ्याची विधवा, दोन मुलांची आई. तिच्या पदरात एक पोर आहे, थेरू, तिच्याच माणसांनी तिच्यावर अत्याचार करून तिला आगीत टाकलेलं, अर्धा चेहरा जळालेला, एक हात निकामी. आणि गेड, तिसऱ्या पुस्तकात सगळ्या जगाला वाचवून स्वतःची जादू घालवून बसलेला गेड, घरी येतो तो खचलेला, चिडलेला, तोंड लपवणारा माणूस. पुढे डोंगरात बकऱ्या राखायला जातो. ज्या बकऱ्यांच्या मंत्राने त्याचं सगळं सुरू झालं त्याच बकऱ्या, फक्त आता मंत्र नाही, काठी घेऊन मागे पळायचं.

आणि चेटकीण परत येते. तीच मावशी नव्हे, दुसरी, मॉस मावशी, पण जागा तीच. गावाच्या कडेला राहणारी, केस पिंजारलेले, अंगाला वास येणारा, लोक जिला हसतात आणि रात्री गुपचूप जिच्याकडे औषध मागायला जातात. फक्त ह्या वेळी तिला बोलायला मिळतं, टेनार आणि ती बसून गप्पा मारतात, पुरुषाची शक्ती कशी असते आणि बाईची कशी ह्यावर ती असं काही बोलते की अंगावर काटा येतो, आणि गंमत म्हणजे टेनारला तिचं सगळं पटत नाही, लेखिकेलाही पटतंय असं वाटत नाही. म्हणजे दुबळी आणि दुष्ट ठरवलेल्या बाईला एकदम महान ज्ञानी करून टाकलं असा तो सोपा मार्ग नाही. तिला माणूस केलंय, खरं-खोटं दोन्ही बोलणारी, घरात कोंबड्या फिरणारी.

ह्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त टोचलेला प्रसंग ड्रॅगनचा नाहीच. टेनारचा मुलगा स्पार्क जहाजावरून घरी येतो, बापाच्या शेतावर मालक म्हणून, जेवतो, आणि ताट तसंच टाकून उठतो. टेनार म्हणते उचल. तो म्हणतो ते बायकांचं काम. ती म्हणते ह्या स्वैपाकघरात जो जेवतो त्याचं ते काम, तर म्हणतो माझं नाही. आणि टेनार विचारात पडते की ह्याला असं मीच वाढवलं की काय. जगाचा समतोल, खरी नावं, मृतांचा देश, हे सगळं तीन पुस्तकं वाचून झाल्यावर लेखिका तुम्हाला एका खरकट्या ताटापाशी आणून सोडते. हे पान मी किती घरांत प्रत्यक्ष पाहिलंय ते विचारूच नका.

बरेच जुने वाचक ह्या पुस्तकावर भडकले. आमच्या हिरोचं काय करून ठेवलं, फेमिनिझम घुसडला, पहिल्या पुस्तकांची जादू गेली वगैरे वगैरे. आजही भडकतात, सायन्स फिक्शन-फँटसीतला मानाचा नेब्युला पुरस्कार मिळाला तरी. मला ते भडकणं समजतं, पण त्यातच माझा मुद्दा आहे. ते भडकू शकले कारण दोन्ही पुस्तकं समोर होती. पहिलं जसंच्या तसं, त्या दोन म्हणींसकट, आणि चौथं त्याच्याशी भांडणारं. पुढे २००१ मध्ये आलेल्या 'टेल्स फ्रॉम अर्थसी'त तर बाईंनी रोकच्या शाळेचा जुना इतिहासच काढला, ती शाळा उभी करण्यात बायकांचा हात होता आणि त्यांना नंतर बाहेर काढण्यात आलं. म्हणजे पहिल्या पुस्तकातली मुलींची गैरहजेरी पुसली नाही, ती का झाली त्याचीच गोष्ट लिहिली. खाडाखोड केली असती तर ही गोष्ट लिहायची गरजच संपली असती ना!

हे बाईंनी चुकून किंवा सोय म्हणून केलं असंही नाही, त्यांचं ह्यावर स्पष्ट मत होतं. १९६९ च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ह्या कादंबरीत अशा ग्रहाची कल्पना आहे जिथली माणसं कायमची स्त्री किंवा पुरुष नसतातच, पण त्या सगळ्यांना लेखिका इंग्रजीत 'he' म्हणजे 'तो' म्हणत गेली. टीका झाली. १९७६ मध्ये बाईंनी एक निबंध लिहून आपला बचाव केला, आणि दहाएक वर्षांनी त्यांचं स्वतःचंच मत बदललं. मग त्यांनी निबंध मागे घेतला नाही, सुधारून नवाही केला नाही, तर जुना निबंध तसाच छापला आणि त्यात जागोजागी तिरप्या अक्षरात आजच्या आपल्या टिपा घातल्या, की इथे मी उगाच बचाव करत होते, इथे मला हे दिसलंच नव्हतं. कारण काय दिलं तर, जुनं पुसून टाकणं म्हणजे इथवर यायला तिथून जावं लागलं ह्याचा पुरावा लपवणं. एवढा मोकळेपणा मी फार थोड्या लेखकांत पाहिलाय, विचारवंतांत त्याहून कमी आणि राजकारण्यांत तर सोडूनच द्या.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, कारण ते अगदीच पोकळ नाही.

एक, लेखकाने स्वतः बदल केले तर? ले ग्विन बाईंनीही 'विंटर्स किंग' ह्या कथेत नंतर 'तो'च्या जागी 'ती' केलं, पण कथासंग्रहात तसं सांगून केलं. माझी त्याला हरकत नाही. लेखक जिवंत आहे, त्याचं लेखन आहे, बदल उघड आहे.

दोन, लहान मुलं. हा मुद्दा खरा अवघड. सात वर्षांचं पोर तळटीप वाचत नाही, त्याला प्रस्तावनेशी घेणंदेणं नाही, जाडं म्हणून हसलेलं त्याला थेट लागतं. आणि ह्यात गंमत अशी की खुद्द बाईंच्या घरातच ह्याचं वेगळं उत्तर निघालं. त्यांची 'कॅटविंग्ज' नावाची पंखवाल्या मांजरांची छोटी पुस्तकं आहेत, २०२३ मध्ये त्यांच्या मुलाने, जो आता त्यांच्या लेखनाचं सगळं बघतो, त्यातले 'लेम' (लंगडा), 'डम' (मुका, मठ्ठ) असे मोजके शब्द बदलायला होकार दिला आणि तो का दिला हे लेख लिहून सांगितलं. त्याच्या जागी मी असते तर नाही म्हटलं असतं, पण तो लेख मला प्रामाणिक वाटला. इतक्या छोट्या मुलांचं पुस्तक बहुतेक वेळा मोठं माणूस मांडीवर घेऊन वाचून दाखवतं, आणि वाचताना तो शब्द गाळणं, बदलणं, थांबून "हे असं म्हणू नये हं" सांगणं हे त्या माणसाच्या हातात आहेच, मी भाचीला वाचून दाखवताना बिनदिक्कत गाळते. पण मी गाळलं म्हणून पुस्तकातून तो शब्द जात नाही, ती मोठी झाली की तिला दिसेल आणि मला विचारेल की मावशी, तू हे वाचलं नव्हतंस. विचारू दे की.

तीन, आपल्याकडचा मुद्दा, जो मला मराठी मित्रमंडळींकडून नेहमी ऐकायला मिळतो. आपल्या परंपरेत गोष्टी बदलतच आल्या, रामायणं किती, महाभारतं किती, तुमचं हे 'मूळ संहिता' प्रकरण पाश्चात्त्य आहे. छान वाटतं ऐकायला. पण मग एकनाथांचं काय करायचं? नाथांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये लोकांनी घुसडलेलं काढून ती शुद्ध केली, आणि वर बजावून ठेवलं की ह्यात जो स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजा. आणि हेच नाथ भावार्थ रामायण लिहितात, भारुडं लिहितात, त्यांच्या काळाला हवं ते सगळं स्वतःच्या नावाने मांडतात. दोन्ही कामं एकाच माणसाने केली आणि एकात दुसरं मिसळू दिलं नाही. अगदी अलीकडचं पाहिजे तर पुण्यात भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेलं काम, आणि त्यात जे प्रक्षिप्त म्हणून वेगळं काढलं ते फेकून दिलं नाही, खाली टिपांत आणि परिशिष्टांत छापून ठेवलं. त्याच आवृत्तीचा आधार घेऊन इरावती कर्व्यांनी 'युगान्त' लिहिलं आणि भीष्मापासून कृष्णापर्यंत सगळ्यांना उलटे प्रश्न विचारले. व्यासांच्या ओळीत खाडाखोड करून द्रौपदीला न्याय देता आला नसता. तेव्हा हे पाश्चात्त्य-बिश्चात्त्य काही नाही, प्रश्न फक्त एवढाच आहे की बदलणारा स्वतःच्या नावाने बदलतो की मूळ लेखकाच्या सहीआड लपून.

आणि सगळ्यात मोठी भीती मला वेगळीच वाटते. पुस्तक आजच्या ग्राहकाला रुचेल असं करून द्यायचं हे एकदा मान्य केलं की ते काम फक्त भल्या हेतूची माणसंच करतील ह्याची गॅरंटी कोण देणार? २००४ मध्ये अमेरिकेतल्या साय-फाय चॅनेलने अर्थसीवर मिनी सिरीज काढली आणि गेड चक्क गोरा. बाई संतापल्या, त्यांनी स्लेट ह्या ऑनलाइन मासिकात जाहीर लेख लिहिला की माझ्या सावळ्या माणसांना ह्यांनी पांढरं करून टाकलं. त्याआधी कितीतरी वर्षं पुस्तकांच्या कव्हरवरही गेड गोराच काढला जायचा, का, तर काळ्या चेहऱ्याचं पुस्तक खपत नाही असा धंद्यातला समज. त्यांनाही आपण प्रेक्षकांचा, बाजाराचाच विचार करतोय असं वाटत होतं. पण पुस्तकाच्या आतला मजकूर जागेवर होता म्हणून बाई बोट ठेवून म्हणू शकल्या की हे बघा, मी असं लिहिलेलं नाही. तो मजकूरच जर दर दहा वर्षांनी सोयीने बदलणार असेल तर बोट ठेवायचं कुठे?

ई-बुकच्या जमान्यात तर हे अजूनच बेकार आहे. डालच्या वेळी अशाही बातम्या आल्या की ज्यांनी आधी पैसे मोजून ई-बुक घेतलं होतं त्यांच्या डिव्हाइसवर मजकूर आपोआप नवा झाला. कागदी पुस्तक निदान कपाटात पडून राहतं, रद्दीच्या दुकानात सापडतं. ह्यात तर काल काय होतं हे दाखवायलाही काही उरत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. बदललेली आवृत्ती काढायची तर काढा, पण कव्हरवर 'सुधारित' असं ठळक छापा, कोणी आणि कोणत्या साली सुधारली ते आत लिहा, आणि मूळ आवृत्ती बाजारात ठेवा, ई-बुक ज्याने घेतलंय त्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. हे आपल्या मराठी पब्लिशरांनाही लागू, लेखक हयात नसलेल्या बालपुस्तकाच्या नव्या आवृत्तीत काय गाळलं, काय बदललं हे आत लिहिलेलं मला तरी क्वचितच दिसतं.

राहता राहिला प्रश्न की लेखक मेलेला असेल तर त्याचं 'टेहानू' कोण लिहिणार. दुसरं कोणीतरी लिहील. बाईंनी स्वतःच ते करून दाखवलं, रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यात लाविनिया ही राजकन्या आहे, तिच्यावरून युद्ध पेटतं आणि अख्ख्या काव्यात तिच्या तोंडी एक शब्द नाही, तर २००८ मध्ये बाईंनी सगळी कादंबरीच तिच्या तोंडून लिहिली आणि व्हर्जिलचं लॅटिन जिथे होतं तिथे राहिलं. डालच्या बाबतीतही हेच व्हायला हवं. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'त १९६४ मध्ये उंपा-लुंपा, म्हणजे कारखान्यात राबणारी बुटकी माणसं, आफ्रिकेतले पिग्मी होते, टीका झाल्यावर १९७३ मध्ये डालने स्वतःच त्यांना गोरं करून कुठल्यातरी काल्पनिक देशातलं केलं. पण रंग बदलला तरी माणसं तीच, सगळी जमात भोकं पाडलेल्या खोक्यांत भरून आणलेली, कारखान्याच्या आत कोंडलेली, पगार कोकोच्या बियांत. शब्द बदलून ह्यातलं काहीच सुटलं नाही, उलट नजरेआड झालं. उंपा-लुंपांच्या बाजूने त्या कारखान्याची गोष्ट कोणीतरी नीट लिहायला पाहिजे, आणि कॉपीराइट अजून बरीच वर्षं चालणार असल्यामुळे परवानगी लागणार नेटफ्लिक्सची, २०२१ मध्ये सगळे हक्क त्यांनीच घेतलेत. शब्द तपासायला माणसं लावायला पैसे निघतात तर एका चांगल्या लेखकाला हे लिहायची परवानगी आणि मानधन द्यायला काय हरकत आहे? पुस्तक आलं की मी प्री-ऑर्डर करणार.